नागावचा गवती चहा आणि क्रॉयडनचे घर

मी, रेबेका राफाएल नागावकर, वय चौऱ्याहत्तर, हॉस्पिटलच्या शिवणखात्यातून निवृत्त, राहणार क्रॉयडन, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांकडून लेखी घेतले आहे, कारण उद्या कोणीतरी नाही म्हणेल. मराठीत लिहिते, कारण माझा मुलगा मीका याला मराठी वाचता येत नाही. इंग्रजी भाषांतर बाहेरच्या माणसाकडून करून घ्यावे.

१. गेल्या एप्रिलमध्ये केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात घर सिनेगॉगला, आम्हा ज्यू लोकांच्या प्रार्थनामंदिराला, दिले होते. मीका आणि सून मीनल यांना काहीच ठेवले नव्हते. ते का केले आणि का मोडले, हे सांगणे भाग आहे.

२. १९६६ साली इकडे विलायतेला निघताना सासूबाईंनी नागावच्या परसातल्या गवती चहाचा एक ठोंब ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या ट्रंकेत घातला. ऑक्टोबरात कुंडी घरात, मे महिन्यात बाहेर, असा तो मी बेचाळीस वर्षे जगवला. आमच्या ह्यांच्या छातीत कफ भरला की आले घालून त्याचाच काढा करायचा. घाम सुटायचा, माणूस मोकळा व्हायचा. हे गेले, चहा राहिला.

३. यंदा जानेवारीत माझा खुबा मोडला. मार्चअखेर घरी आले. कुंडी तीच, खिडकी तीच, पण चहा माझा नव्हता. आमची पात अरुंद, बोट कापणारी. याचे बुंधे जाड, थाई सुपात घालतात तसले. मीनलला विचारले, "हे झाड कोणाचं?"

"तुमचंच की, आई. मी जरा छाटलंय." माझ्याकडे न बघता बोलली.

मीका म्हणाला, "मम, तो झाड सेमच आहे. मेडिसिनमुळे तू कन्फ्यूज होतेस."

त्याच आठवड्यात ड्रॉवरमध्ये इस्टेट एजंटचे कार्ड सापडले. मला वेड्यात काढून घर विकायचा बेत आहे, असे मी धरून चालले. मीनल नागपूरची, आमच्या समाजात न वाढलेली. संशय आधी तिच्यावरच गेला. एप्रिलचे मृत्युपत्र तेव्हाचे.

४. ती दर रविवारी रीडिंगहून ट्रेनने यायची. मी तिला त्याच पातीचा चहा द्यायचे आणि तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. पाच महिने ती निमूट प्यायली. सप्टेंबरात मी कुंडी उचलून कचऱ्याच्या डब्याशी नेली. ती आडवी आली.

"नका टाकू, आई. दुकानातल्या काड्या सहा आठवडे पाण्यात ठेवून मुळं फुटवलीत मी."

"म्हणजे माझा मेला?"

"फेब्रुवारीत बर्फ पडला तेव्हा. घर गार पडलं होतं. माझीच चूक झाली."

"हीटिंग कोणी बंद केलं होतं?"

ती कुंडीतली माती बोटांनी दाबू लागली. मी तिच्यासमोरच मीकाला फोन लावला. "एम्प्टी घर कशाला हीट करायचं, मम?" म्हणाला. कार्डही त्याचेच. "जस्ट व्हॅल्यू विचारत होतो." बायको त्याचा दोष आपल्या अंगावर घेत होती आणि हा घेऊ देत होता.

५. म्हणून घर अर्धे मीकाला, अर्धे मीनलला, वेगवेगळ्या नावांनी. एकाने दुसऱ्याच्या सहीशिवाय विकू नये. मुलगा वाईट नाही, पण त्याच्यावर नजर असावी. व्यवस्था माझे वकील पाहतील, तो नाही. ह्यांचे घड्याळ त्याला. मी जिवंत असेपर्यंत मागू नये. शिलाई मशीन आणि कात्र्या मीनलला, जरी तिला बटण लावता येत नसले तरी. डावीकडच्या शेजारणीला माझे फावडे, जे १९९८ पासून तिच्याचकडे आहे.

६. चहाची कुंडी मीनलची. ती तिचीच आहे. काढ्याला आधी आले उकळावे, पात शेवटी टाकून झाकण ठेवावे. ती उलटे करते.

७. जिला वाटा मिळणार तिने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी बजावले आहे. म्हणून सह्या होईपर्यंत मीनलला बागेत बसवले आहे. दोनदा काचेतून डोकावली. मी पडदा ओढला. पण बाहेर गारठा आहे आणि तिचा कोट इथे खुर्चीवरच राहिला आहे. तेव्हा जास्त लिहीत नाही.

सही: रेबेका राफाएल नागावकर

आम्हा दोघींच्या देखत सही झाली:
१. हदार दिवेकर
२. डोरीन क्लार्क

क्रॉयडन, रविवार, १८ ऑक्टोबर २००९