वर्निसच्या डाव्या हाताचं लंगडणं

न्यू ऑर्लिन्स,
मंगळवार, ४ ऑक्टोबर १९४९

शिकागोकर झालेल्या माझ्या धाकट्या बहिणीला, फिलोमेनला, ओडीलचे ओंजळभर आशीर्वाद.

काल सगळ्यात आधी आली ती शेजारची युलाली, आणि तीही स्वतःची खुर्ची घेऊन. पाहुणे अकराला यायचे होते, ही साडेआठलाच हजर. म्हणे, तुझ्याकडे खुर्च्या कमी पडतील म्हणून आणली गं. पण खुर्ची ठेवली बरोबर दारात, म्हणजे आतलं सगळं हिला दिसावं आणि गल्लीतल्या सगळ्यांना ही दिसावी. पण थांब, विचारपूस राहिलीच. तुझे गुडघे कसे आहेत? तिकडे थंडी सुरू झाली असेल, तेव्हा पाय उघडे टाकून बसू नकोस. तुझ्या नवऱ्याच्या खोकल्याला मध आणि लिंबू दे, डॉक्टरला पैसे देऊ नकोस. इकडे सर्व क्षेम आहे. (अक्षर वाकडं आहे ते चालवून घे. तुला ठाऊकच आहे, मी शाळेत तिसरीपर्यंत गेले आणि त्यातलं निम्मं वर्ष गोवरात गेलं.) माझ्या नातीला, वर्निसला, वाटतंय मी तुझ्या गुडघ्यांची चौकशी करायला एवढे कागद घेऊन बसले आहे. तसंच वाटू दे.

तर पाहुणे. आपल्या कोपऱ्यावरचा बारवाला दिदिए, त्याने गेल्या वर्षी तबकडी कापायचं एक यंत्र आणलं होतं, लग्नात भाषणं भरून घेतात ना, तसलं. एका रविवारी ते आमच्या पुढच्या खोलीत मांडून त्याने आपल्या वर्निसचं एक गाणं भरून घेतलं, आपल्याच पियानोवर. तबकडी एकच. ती त्याने बारमधल्या नाणं टाकायच्या पेटीत लावली आणि बघता बघता लोकांनी ती झिजवून टाकली. म्हणजे शेवटी शेवटी गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू यायची, तरी नाणी पडतच होती. मग उन्हाळ्यात तिकडे कॅलिफोर्नियाच्या तबकड्यांच्या कंपनीतला एक गोरा, लँडाउ नावाचा, बारमध्ये आला. बार आपल्या काळ्यांचा, कायद्याने त्याने तिथे बसायचं नाही, म्हणून पोलिसाला सांगितलं की मी पेटी दुरुस्त करायला आलोय, आणि दुपारभर पेटी न उघडता दुरुस्त करत बसला. जाताना दिदिएला म्हणाला, ही मुलगी कोण? हा डावा हात कुणाचा?

तो डावा हात वर्निसचाच, पण त्यात थोडा पियानोचाही वाटा होता. आपल्या पियानोच्या खर्जातल्या तीन पट्ट्या कशा चिकटायच्या ते तुला सांगायला नको. (ते पाकाचं प्रकरण मी कधीच विसरले आहे. एक्केचाळीस वर्षं झाली. माझ्या साखरपुड्याच्या दिवशी पियानोत कुणी काय ओतलं हे मी कुठे बोलतसुद्धा नाही, लग्नकार्यं सोडली तर.) पट्टी एकदा दाबली की खालीच बसायची, तेव्हा तिला आधी एक टपली मारून जागी करायची आणि मग खरा ठोका द्यायचा. पोरगी त्यावरच शिकली. पहिला ठोका मुका, दुसरा बोलणारा, तोही अर्धा श्वास उशिरा. म्हणजे गाणं सरळ चालण्याऐवजी एका पायाने लंगडत चालायचं, आणि ऐकणाऱ्याची कंबर आपोआप त्या लंगड्याला आधार द्यायला जायची. युलालीचीसुद्धा, आणि युलालीची कंबर १९३६ पासून हललेली नाही.

लँडाउसाहेबांचं पत्र आलं की सोमवारी येतो, सोबत एक प्रोफेसर आहेत, मुलीला तिच्याच पियानोवर ऐकायचं आहे, जमलं तर चार गाणी भरून घेऊ. फिलो, तू वर्निसचे हात बघितले नाहीस. लॉन्ड्रीत इस्त्रीच्या वाफेने कोपरापर्यंत भाजलेत. सकाळी सहाला जाते ती अंधार पडताना येते आणि मग पियानोशी बसते. एकोणीस वर्षांची आहे आणि खोकते तुझ्या नवऱ्यासारखी. तिला त्या वाफेतून बाहेर काढायची ही एक वाट होती, माझ्या पुढच्या दारापर्यंत चालत आलेली. मग मी काय केलं असेल? जे कुठलीही भली बाई करेल तेच. पुढच्या पायऱ्या विटेच्या चुऱ्याने घासून लाल केल्या, पडदे स्टार्चमधून काढले, आणि वर्निस लॉन्ड्रीत असताना डीकन अल्सीडना बोलावून पियानो दुरुस्त करून घेतला.

डीकन आपल्या चर्चचा पियानो सुरात लावतात. नाचाची गाणी त्यांना सोसत नाहीत, पण माझ्या हातचं गम्बोचं कालवण सोसतं, तेव्हा यायला तयार झाले. दोन दिवस पियानोच्या पोटात डोकं घालून होते. आतून एक डबाभर काळं काहीतरी निघालं, खरवडून, व्हिनेगरने धुऊन. सोबत तीन केसांच्या पिना, आईची हरवलेली जपमाळ (अखेर सापडली गं) आणि एवढ्या मुंग्या की त्यांचं वेगळं गाव असावं. संध्याकाळी डीकननी खर्जातल्या त्या तीन पट्ट्या वाजवून दाखवल्या. काचेसारख्या स्वच्छ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वर लेसचा रुमाल घातला आणि वर्निसला हातच लावू दिला नाही, म्हटलं पाहुण्यांसमोरच बघ, तुला गंमत आहे.

झाली गंमत.

पण आधी जेवण. सोमवार म्हणजे धुण्याचा वार, तेव्हा चुलीवर आपोआप शिजत राहणारा तांबडा राजमा आणि भात. (तिकडेही सोमवारी राजमाच करतेस ना, की शिकागोत धुणं दुसऱ्या वारी असतं?) दोन गोरे माझ्या पुढच्या दाराने आत आले, टोप्या काढून. गल्लीत एकही पडदा जागेवर राहिला नव्हता. लँडाउ बुटका, घामाघूम, बोलण्यात साधा. प्रोफेसर उंच, वही घेतलेला. आल्या आल्या मला "मावशी" म्हणाला, गोरे आपल्या काळ्या बायकांना मिसेस म्हणायचं टाळून म्हणतात तसं. मी म्हटलं, "बाळा, तुझ्या आईचं नाव सांग, म्हणजे ती माझी कितवी बहीण ते मला आठवेल." लँडाउ एवढा हसला की राजमा नाकात गेला. प्रोफेसरने ते वहीत लिहून घेतलं. त्यानंतर शेवटपर्यंत मी "मिसेस दुव्हर्ने" होते, आणि त्याने दोनदा वाढून घेतलं.

जेवताना लँडाउ म्हणाला की आमच्या गाण्यांना आता नवीन नाव मिळालंय. व्यापाऱ्यांचं एक साप्ताहिक आहे म्हणे, कुठली तबकडी किती खपली ते छापणारं. आजवर ते आपल्या तबकड्या वंशाच्या नावाखाली वेगळ्या काढून ठेवायचे, बसमध्ये आपल्याला मागे बसवतात तशा. या जूनपासून त्यांनी ठरवलं की याला रिदम अँड ब्लूज म्हणायचं. मी म्हटलं, नाव छान आहे. पोर घोड्याएवढी झाल्यावर बारसं केलंत, हरकत नाही, पण घरच्यांना बोलवायचं होतं. आणि आता पुढे बसायला मिळणार का? लँडाउ म्हणाला, नाही, बाक तेच आहे, पाटी नवीन आहे. माणूस प्रामाणिक आहे गं.

मग प्रोफेसरने विचारलं की या संगीताचा उगम कुठला. राजमा खाऊन जड झालेल्या माणसांना असं विचारू नये. डीकन अल्सीड म्हणाले, उगम आमच्या चर्चमध्ये, टाळ्या आमच्या, फक्त देवाच्या जागी यांनी "बेबी" घातलं. दिदिए म्हणाला, "डीकन, तुमच्या चर्चमध्ये लोक रविवारी येतात ते शनिवारी माझ्याकडे शिकलेल्या टाळ्या घेऊन येतात." डीकन म्हणाले, "आणि तुझं बिल चुकवायला प्रार्थना करतात." दारातून युलाली ओरडली की उगम तिच्या मामाचा आहे, तो मिरवणुकीत मोठा ढोल वाजवायचा आणि एक पाय आखूड असल्याने ठोका उशिरा पडायचा. (मामाचे दोन्ही पाय चांगले होते. दारू चांगली नव्हती.) प्रोफेसरने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि सांगितलं की उगम आफ्रिकेत आहे, तिथून जहाजाने बेटांवर, बेटांवरून इथे. मला तेही पटलं. सगळेच बरोबर असतील. पण मी मनात म्हणत होते की त्या जहाजाने शेवटचा थांबा माझ्या साखरपुड्याला घेतला होता.

मग वर्निस वाजवायला बसली. लेसचा रुमाल दूर केला, डावा हात ठेवला, टपली मारली आणि ठोका दिला. दोन्ही बोलले. टपलीही बोलली, ठोकाही बोलला. लंगडणारं गाणं एकदम तोतरं झालं. पोरीने माझ्याकडे बघितलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. टपली सोडून वाजवून बघितलं तर अगदी शाळेच्या कवायतीसारखं सरळ. युलालीची कंबर जागची हलली नाही, तेव्हाच मी ओळखलं.

लँडाउ उठून उभा राहिला. "तबकडीत जे लंगडत होतं ते कुठे गेलं?"

डीकन छाती काढून म्हणाले, "मी बरं केलं."

"बरं केलंत?"

"समूळ. व्हिनेगरने."

लँडाउ पुन्हा खाली बसला. प्रोफेसरने विचारलं, आत नेमकं काय होतं? मी सांगून टाकलं, उसाचा पाक. तो खुशीने लालबुंद झाला. म्हणे ऊस म्हणजे बेटंच की, तिथे उसाचेच मळे, अगदी जुळलं. आणि भराभरा दोन पानं लिहिली. त्याचं सगळ्यातच जुळतं. लँडाउचं मात्र जुळेना. त्याने वर्निसला नीट समजावून सांगितलं (ओरडला नाही, हे मी त्याच्या बाजूने म्हणेन) की आवाज चांगला आहे, पण चांगले आवाज त्याला दर गावात मिळतात, कंपनीला तो डावा हात हवा होता. ह्यूस्टनला एक मुलगी ऐकायची आहे, तिकडून परतताना पुन्हा येतो, तोवर हात सापडला तर भरून घेऊ, नाहीतर ह्यूस्टनवालीचं भरतील.

वर्निसने पियानोचं झाकण लावलं. आत जाऊन पडदे इस्त्री करायला लागली. पडदे मी आदल्याच दिवशी इस्त्री केले होते, फिलो.

पण तू काळजी करू नकोस, मी आनंदात आहे. माझ्या टेबलाशी दोन गोरे बसून जेवले, मला मिसेस म्हणाले, आईची जपमाळ सापडली, आणि युलाली अजून घरी गेलेली नाही. गुडघ्यांना तेल लाव. सगळ्यांना माझा आशीर्वाद सांग.

तुझी थोरली,
ओडील

ता. क. आज सकाळी वर्निस कामावर गेल्यावर मी आणि दिदिएने एका पट्टीवर उसाचा पाक ओतून बघितला. पट्टी खाली गेली ती बुडाल्यासारखी, वरच येईना. पुसून मध घातला, तर नुसती बुळबुळीत झाली. डीकनना बघवेना, ते निघून गेले. तेव्हा तू मला एवढंच कळव, कुणाला सांगणार नाही, की तू जो ओतलास तो पाक एकतारी होता की दोनतारी? गरम की गार? त्यात लोणी होतं का? किती कप? मी नाही, मी नाही असं तू आईच्या बायबलवर हात ठेवून सांगितलंस ते मला माहीत आहे. ते उत्तर आत्ता नको. कृती हवी आहे.

ता. क. दुसरा. कृती पाठवलीस तर प्रोफेसरला मी उगमाच्या जागी तुझं नाव लिहायला सांगेन. त्याच्या पुस्तकात बेटांच्या खाली जागा आहे.

ता. क. तिसरा, हा तूच वाच, मोठ्याने नको. मला त्या वेळी एकच गाणं यायचं आणि तेही एका बोटाने. तुला सगळं यायचं. तरी आईने पियानो मला दिला, कारण लग्न माझं ठरलं होतं. तू ओतलंस हे मला ठाऊक आहे, आणि तुझ्या जागी असते तर मी दोन कप ओतले असते. पियानो तुझाच होता. हे मी लग्नकार्यांत नाही सांगितलं, आता सांगेन.

ह्यूस्टनहून ते परत येतायत सोमवारी, सतरा तारखेला, अकरा वाजता. राजमा मी रविवारी भिजत घालीन. तुझा पाक त्याआधी यायला हवा.