फवारणीच्या टाकीतलं पाणी

डिसेंबर १९९८, मंगळवार संध्याकाळ. निफाड.

हे मागच्या बाकावर पडलेत. दर दोन ओळींनी मी वळून बघतेय. श्वास ठीक वाटतोय. वाटतोय ना?

निवृत्तीनंतर ह्यांनी जुनी मॅटाडोर घेतली, तिच्यात स्टोव्ह, बाक, पाण्याचं पिंप बसवलं. आज पहिलाच प्रवास. दुपारी पिंप रिकामं झालं, म्हणून रस्त्याकडेच्या द्राक्षबागेतल्या टाकीतून भरलं. विचारायला कोणी नव्हतं. हे लगेच पेलाभर प्यायले. "गोड आहे पाणी," म्हणाले.

मी पेला तोंडाला लावणार, तोच बागेतली बाई धावत आली. "ताई, पिऊ नका. त्या टाकीत फवारणीचं औषध कालवतो आम्ही."

गोड आहे म्हणाले होते. औषध गोड लागतं का? कोणाला विचारू?

निघताना बाईने घरून कळशी आणून दिली. "हे विहिरीचं हाय. आमची पोरं हेच पितात."

तशीच गाडी इथल्या दवाखान्यात आणली. डॉक्टरांनी तपासलं. आत्ता काही दिसत नाही, पण उलटी झाली, घाम सुटला तर लगेच आणा म्हणाले. उकळून प्यायले असते तर, मी विचारलं. त्यानेही औषध जात नाही, म्हणाले. लगेच नेता यावं म्हणून गाडी दवाखान्यासमोरच लावलीय. मी तरी आधी हाक मारून का नाही विचारलं? गोड म्हणे.

आत्ताच उठले. पाणी मागितलं. मी कळशीतून पेला भरला आणि द्यायच्या आधी अर्धा स्वतः प्यायले. हे बघत राहिले. मग उरलेल्यासाठी हात पुढे केला.