आमच्या घरची कला

बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर
दि. १९ ऑगस्ट २०२४

चि. सोनियास आजीचा जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र लिहायचं कारण की काल तुझा फोन आला तेव्हा तुझ्या बापानं तो स्पीकरवर टाकला, तुझ्या आईनं त्याच टायमाला कुकर लावला, आणि मला अर्धंच ऐकू आलं. एवढं कळलं की तुझ्या कॉलेजातल्या मॅडम पोरापोरींची सहल घेऊन वेरूळची लेणी बघायला येणार, आणि तिथून वाट वाकडी करून आपल्या घरी माझे हात कॅमेऱ्यात घ्यायला येणार. माझ्या हातांत बघण्यासारखं काय आहे? डाव्या अंगठ्याला वात आहे. तो बघायला कुणी इंदूरहून येतं व्हय?

फोनवरच विचारलं असतं, पण आपल्या घरातला फोन तुझ्या बापाच्या, संघपालच्या मुठीत असतो. म्हणून चौथीपर्यंतची अक्षरं बाहेर काढली. चुका काढत बसू नको.

शेजारची द्वारकाबाई रोज विचारती, सोनिया नेमकं काय शिकती. मी सांगते, लाकूड, माती, धातू, कापड यांच्या आजच्या काळातल्या वस्तू कशा घडवायच्या त्याची चार वर्षांची डिग्री आहे. ती म्हणती सुतारकीला डिग्री कशाला लागती. मी म्हटलं, मोबाईल बघायला लागत नाय, म्हणून तर तुझा नातू घरी बसलाय. तेव्हापासून तिनं कढीपत्ता देणं बंद केलंय.

खरं काय ते लिही. गोड करून लिहू नको, डॉक्टरनं मला तसंही गोड बंद केलंय.

लोभ आहेच. तो वाढवायचा का घटवायचा ते तुझ्या उत्तरावर.

तुझी आजी
केसरबाई

*

इंदूर
दि. २७ ऑगस्ट २०२४

आदरणीय आजीस सोनियाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा हॉस्टेलच्या निम्म्या मुली ते बघायला जमल्या. हाताने लिहिलेलं पत्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. कढीपत्त्याची गोष्ट मी त्यांना हिंदीत सांगितली. आता त्यांना तू माझ्यापेक्षा जास्त आवडतेस.

खरं विचारतेस तर सांगते. शेवटच्या वर्षात प्रत्येकाने एक मोठं काम करायचं असतं. त्याचा विषय डिसेंबरात विभागाने मान्य केला तरच मे महिन्यात डिग्री मिळते. आमच्या मॅडमचं म्हणणं आहे की ज्याने त्याने आपल्या घरची परंपरागत कला घ्यावी. वर्गात एक चंदेरी विणणाऱ्यांची मुलगी आहे, एक कुंभारांचा मुलगा आहे. पहिल्या वर्षी ओळख करून देताना सगळे आपापल्या घरच्या मागाबद्दल, चाकाबद्दल बोलले. माझी पाळी आली तेव्हा मला काही सुचेना. मग मी पणजोबांचं सांगितलं, की ते गावातली मेलेली ढोरं ओढायचे, कातडं काढायचे. मॅडमनी लिहून घेतलं. पुढची गोष्ट, ते काम सोडल्याची, मी सांगितलीच नाही. वेळही नव्हता, आणि खरं म्हणजे अर्ध्या गोष्टीतच सगळ्यांचे डोळे एवढे मोठे झाले होते की मला पुढे जाववलं नाही.

तेव्हापासून मी इथे चामड्यातली मुलगी आहे. मॅडमना माझा विषय चामडंच हवा आहे, आणि सुरुवातीला तुझी फिल्म. तू ते काम कधी केलं नाहीस हे मला माहीत आहे. पण जमिनीवर बसून चामड्याचा तुकडा हातात धर आणि सासऱ्यांबद्दल दोन वाक्यं बोल. एवढंच. विषय मान्य होईल, मी मेमध्ये मोकळी होईन. बाबांनी अख्ख्या कंपनीत मे महिना सांगून ठेवलाय.

माझ्यावरचा लोभ या वेळी जरा सढळ हाताने दाखव.

तुझी नात
सोनिया

*

बजाजनगर
दि. ५ सप्टेंबर २०२४

चि. सोनियास जयभीम.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं, पहिल्यांदा राग आला म्हणून अक्षरं लागेनात.

अर्धी गोष्ट तू सांगितलीस. आता उरलेली ऐक, कारण बहुतेक लहानपणी ऐकताना तू झोपली असशील. माझं लगीन होऊन वर्षही झालं नव्हतं. आपल्या वस्तीनं ठरवलं की आता ढोरं ओढायची नायत. पोळ्याच्या तोंडावर सर्जेराव पाटलाचा बैल मेला. सांगावा आला. तुझे पणजोबा सखाराम दारात उभे राहिले आणि म्हणाले, तुमचा बैल, तुम्ही ओढा. बास. भाषण केलं नाय. दुसऱ्या दिवसापासून गिरणीवाल्यानं आमचं दळण घेणं बंद केलं, रानातली वाट बंद, कामाला बोलावणं बंद. आम्ही बाया जात्यावर दळायचो, आणि दळायला असायचं तरी काय. तिकडं बैल फुगला. वास आमच्यापर्यंत यायचा. सासू पदर नाकाला लावायची आणि दळायची. शेवटी पाटलाच्या पोरांनी नाकाला फडकी बांधून बैल ओढला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. लई वाकडा ओढला.

आणि आणखी एक. कातडं कमावणारे लोक वेगळे. आमच्या वाट्याला नुसतं ओढणं आणि सोलणं होतं, तेही मर्जीनं नाय. ज्यात नाय म्हणायची सोय नव्हती त्याला तुझ्या मॅडम कला म्हणतात, तर त्यांना कलेतलं काय कळतं मला शंका आहे.

मी जमिनीवर बसणार नाय. माझे गुडघे दुखतात हे एक कारण, आणि दुसरं तुला कळलं असेल. मॅडमला घरी येऊ दे. चहा करीन.

लोभ आहे, पण विकत मागू नको.

केसरबाई

*

इंदूर
दि. १४ सप्टेंबर २०२४

आजीस जयभीम.

तुझ्यासाठी नाही म्हणणं सोपं आहे. तुला कोणी मार्क देत नाही. इथे सगळ्यांच्या मागे काहीतरी उभं आहे, कुणाच्या आजोबांना पुरस्कार, कुणाच्या घरी दोनशे वर्षांचे छपाईचे ठसे. माझ्यामागे काय आहे? बजाजनगरची दोन खोल्यांची जागा आणि बाबांची कंपनीची बस. मला सांगायला एकच गोष्ट होती, तीही तू काढून घेतलीस. चामडं निदान काहीतरी आहे.

मॅडमना मी सांगितलंय की तू तयार आहेस. आता माझी फजिती करायची की नाही ते तुझ्या हातात आहे.

राग आल्यामुळे शेवटी काय लिहायचं असतं ते सुचत नाही. 

सोनिया

*

बजाजनगर
दि. ३ ऑक्टोबर २०२४

चि. सोनियास जयभीम.

फजिती केली. आधी तेवढं सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

सोमवारी मॅडम आल्या. सहलीची गाडी चौकात थांबवली, सोबत फक्त कॅमेरेवाला. बाई वाईट नाय. वाकून पाया पडल्या, हिंदी गोड बोलतात. घर बघितलं आणि जरा हिरमुसल्या, कारण फरशी, टीव्ही, वॉशिंग मशीन. कॅमेरेवाल्यानं वॉशिंग मशीनवर चादर टाकली. मी ती काढून घडी घातली.

मग मॅडमनी पिशवीतून चामड्याचा तुकडा आणि कातडं कापायची रापी काढली. वाटेत कुठूनतरी घेतली होती. मला म्हणाल्या, अम्मा, ये जरा हाथ में पकडके नीचे बैठो. मी म्हटलं, बेटा, ये मैंने जिंदगी में नहीं पकडा, मेरे मरद ने नहीं पकडा, और मेरे ससुरने छोड दिया. तुम लेके आये, तुम पकडो. आणि खुर्चीवर बसले. तुझी आई सरिता आत पोहे करत होती, तिच्या हातातला झारा पडला.

मॅडमनी विचारलं की मग या घरची कला कोणती. मी म्हटलं, नाय म्हणणं. त्या हसल्या, त्यांना वाटलं मी गंमत करते. पुन्हा विचारलं, हाथ का काम कौनसा. तेव्हा मी त्यांना मागच्या गॅलरीत नेलं. तिथं आपल्या मोरीला आडोसा आहे ना, संघपालच्या कंपनीतल्या प्रेस शॉपमधल्या पत्र्याच्या पट्ट्यांचा, वायसरच्या चकत्या पाडून उरलेल्या, भोकाभोकांच्या. या कॉलनीत निम्म्या घरांना तसलाच आडोसा आहे, कोंबड्यांच्या खुराड्यांना पण तोच. मी म्हटलं, माझा पोरगा वायसर पाडायचं मशीन वीस-बावीस वर्षं चालवतो, ये देखो. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, ये तो स्क्रॅप है. मी म्हटलं, हां, है.

पोहे खाऊन गेल्या. आणखी थोडे मागून घेतले. माझं काय ते करून झालं. आता तुझ्या मॅडम तुझं काय करतात ते कळव. शिव्या द्यायच्या असतील तर त्याही कळव, पाकिटात जागा आहे.

लोभ तुझ्याकडून बाकी आहे.

तुझी आजी
केसरबाई

*

इंदूर
दि. १६ डिसेंबर २०२४

आदरणीय आजीस सोनियाचा सविनय जयभीम. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, त्यातले पहिले काही दिवस रागात गेले. मग मॅडमनी वर्गाला तुझी फिल्म दाखवली. त्यांना वाटलं ती फसलेली आहे, कसं करू नये म्हणून दाखवली. पडद्यावर तू खुर्चीत बसलीस आणि रापी परत त्यांच्या पिशवीत ठेवलीस, नीट, पातं आतल्या बाजूला करून. कुंभारांचा मुलगा जोरात हसला. मी नाही हसले. मला स्वतःची लाज वाटली, आणि मग भूक लागली.

गेल्या आठवड्यात विभागापुढे माझा विषय मांडला. चामडं नाही. वाळूजच्या प्रेस शॉपमधल्या पट्ट्या, त्यांपासून घरात उभा करायचा जाळीचा पडदा. दुपारी आपल्या मोरीच्या फरशीवर उन्हाचे गोल पडायचे, मी त्यांच्यात पाय ठेवत खेळायचे, ते मला इथल्या कुणालाच समजावून सांगता आलं नाही. बिजागरी कशी असेल, धार कशी मोडायची, सगळं कागदावर काढून नेलं होतं. विभागाने विचारलं यात परंपरा कुठे आहे. मी म्हटलं, माझ्या घरी ती माझ्या वडिलांपासून सुरू होते.

विषय नाकारला. दोन रस्ते दिलेत. चामड्यावर काम करून मेमध्ये डिग्री, किंवा एक वर्ष थांबून पुढच्या तुकडीबरोबर, दुसऱ्या मार्गदर्शकाकडे, माझा विषय. मी थांबण्याच्या कागदावर सही केली.

हे बाबांना सांगायची माझी छाती होत नाही. मे महिना त्यांच्यापासून काढून घेतला ना मी. तू सांगशील? माझ्यासाठी नाही तर मोरीच्या आडोशासाठी.

लोभ होताच, मधे पत्ता चुकला होता.

तुझी
सोनिया

*

बजाजनगर
दि. २९ डिसेंबर २०२४

चि. सोनियास आजीचा जयभीम आणि आशीर्वाद.

सांगितलं. सुट्टीच्या दिवशी, जेवण झाल्यावर. जेवणाआधी सांगितलं असतं तर सरिताची वांगी वाया गेली असती.

आधी लई तापला. म्हणाला कंपनीत तोंड कसं दाखवू. मी म्हटलं, आहे तेच दाखव, दुसरं कुठून आणशील. मग खरं काय ते बाहेर आलं. म्हणाला, मी त्या पत्र्यात हात कापून घेतले ते पोरगी त्यातून बाहेर पडावी म्हणून, आणि ही शिकून सवरून परत त्याच भंगारात हात घालती. आणि वर मलाच म्हणाला, आई, तूच सांगतेस ना, आजोबांनी ओढायचं सोडलं म्हणून. मग हे काय वेगळं आहे?

सोने, मी ताट उचलून मोरीकडं गेले, परत आले. मग सांगितलं. म्हटलं, ढोरं आपल्याला ओढायला लावली होती. मशीनवर तू अर्ज करून, मुलाखत देऊन गेलास, तुझ्या बापानं पेढे वाटले होते. आणि पोरीला भंगार घे असं कुणी सांगितलं नाय. तिला दुसरंच घे म्हणत होते, तिनं नाय म्हटलं आणि वर्षाची किंमत मोजली. ज्याला हा फरक कळत नाय त्यानं माझ्याशी बोलू नये.

बोलला नाय. आठवडाभर. सरिता मधल्यामधे निरोप पोचवत होती, भाजी वाढू का, पाणी तापलंय.

काल कंपनीची बस सोडून गाडीवर गेला, आणि फर्स्ट शिफ्टवरून आला तो मागं पट्ट्यांचा भारा बांधून. सुपरवायझरकडून गेटपास करून आणलाय, चोरून नाय. जिन्यात बसला आणि कानस घेऊन एकेक कड घासायला लागला. द्वारकाबाई विचारायला आली की संघपाल काय करतो. तो मान वर न करता म्हणाला, सोनियाच्या कॉलेजचं काम आहे.

मग रात्री जेवताना माझ्याकडं न बघता ताटाला विचारावं तसं विचारलं, की तिला मोठ्या भोकाची पट्टी लागती का बारक्या, कारण बारकी ज्यातून उरती तो वायसरचा जॉब येत्या महिन्यात बंद होणार आहे. बारकी पाहिजे असेल तर तो आत्ताच बाजूला काढून ठेवतो.

तर लगेच कळव. आणि हे तेवढं फोनवर कळव, त्याच्याच फोनवर, त्यालाच.

लोभ ठेव. रागही थोडा शिल्लक ठेव, पुढच्या वर्षी लागेल.

तुझी आजी
केसरबाई