विकत घेऊन बाकावर

२ फेब्रुवारी, सोमवार
साडेपाचला मैदानावर. सतरा मुली, तीन बॉल, त्यातला एक फुसका. गोलची जाळी पुन्हा फाटली. कांद्याच्या जाळीदार गोण्या उसवून सुतळीनं शिवलेली, हा तिचा तिसरा हिवाळा. दाभण घेऊन बसले तर कारेगावची छोटी येऊन उभी राहिली. "बाई, नवीन कवा येणार?" म्हटलं, तुझा शॉट जाळी फाडण्याएवढा झाला की. आता उद्यापासून जीव खाऊन मारेल. मारू दे.

ऋतुजा निमोण्याहून दुधाच्या गाडीतून आली, नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी. सतरा पूर्ण झाली. सात वर्षं माझ्याकडे आहे. तिच्या डाव्या पायाला नवं शिकवण्यासारखं माझ्यापाशी आता काही उरलेलं नाही. जुनं बिघडत नाही ना, एवढंच बघते.

आमच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष आप्पा फिरायला आले, हातात मोबाईल. "बाई, ही बातमी बघा. परदेशात एका पोराला एवढ्या कोटींना घेतलाय, आपला साखर कारखाना दोनदा उभा राहील."
विचारलं, त्या पोराला पहिले बूट कोणी घेऊन दिले ते लिहिलंय का?
"ते कशाला लिहित्यात?"
तेच तर.

५ फेब्रुवारी
आप्पा घरी आले. घरी आले म्हणजे काम मोठं. दौंडला महिला फुटबॉल लीग होणार. सहा संघ, सहा मालक, मुलींचा लिलाव. निवडणूक तोंडावर आहे, त्यामुळे मुलींचा कळवळा आलाय. ऋ.चं नाव आप्पांनी मला न विचारता देऊन टाकलं.
मी म्हटलं, नाही.
"बोलीतला चौथा हिस्सा मंडळाला, बाई. तुमची जाळी, बारक्या पोरींचे बूट, मैदानावर मुरूम-माती, रोलर. एका झटक्यात."
दुसऱ्यांदा नाही म्हटलं नाही. आप्पांना माझा भाव माहीत आहे. जाळी.

८ फेब्रुवारी, रविवार
मंगल कार्यालयात लिलाव. कालच्या लग्नाची फुलं मंचावर तशीच. मुलींना फेटे बांधून रांगेत उभं केलेलं. पुकारायला मार्केट यार्डातला कांद्याच्या लिलावाचा माणूस. त्याच सुरात, त्याच घाईत. "बोला बोला, डावा पाय हाय, डावा!" लोक हसले. पोरी पण हसल्या. त्यांना वाटलं हसायचं असतं.

त्याआधीचं लिहून ठेवते. बाहेर गाड्या लावतात तिथं ऋ.चा चुलता बबन आणि दौंडचे शेठ. हे शेठ म्हणजे खडी क्रशरवाले, एका संघाचे मालक. बबनच्या खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर पसरलेला. वडील बैलबाजारात न्यायचे तेव्हा मी दहा वर्षांची होते. टॉवेलाखाली बोटांनी भाव ठरतो, ते मला सांगावं लागत नाही. एक बोट दाबलं, मग चार, मग पंजा. तोंडानं दोघंही पावसापाण्याचं बोलत होते. बबन जन्मभर बैलांचा व्यापारी, त्याला दुसरी रीत येत नाही. पण शेठनं हात दिला. ऋ.चा बाप दत्तू चार पावलांवर उभा. गाड्यांचे नंबर वाचत होता.

मंचावरची बोली म्हणजे नुसता देखावा. एक लाख साठ हजार. टाळ्या. आमच्या शिरूरचे पेट्रोल पंपवाले दीडपर्यंत चढले होते, मग बसले.

ऋ. मंचावरून मला शोधत होती. मी पुढच्या रांगेतच होते. फेट्यामुळे तिला मान वळवता येत नव्हती.

९ फेब्रुवारी
ऋ.च्या सोडचिठ्ठीवर सही केली. सचिव म्हणून माझीच लागते. त्यात लिहिलं होतं, एक वर्षासाठी दौंड संघाची नोंदणीकृत खेळाडू. आप्पा म्हणाले, "ती पद्धत असती, बाई. लीग महिन्याची, मग पोरगी परत आपलीच." वाचलं, कळलं, तरी केली. न वाचता केली असती तर आज काहीतरी म्हणता आलं असतं.

१३ फेब्रुवारी
सोळा मुली. डाव्या बाजूला कोणी नाही. छोटीला उभं केलं. रडली, पण हलली नाही तिथून.

२२ फेब्रुवारी, रविवार
एस.टी.नं दौंडला. पहिला सामना. मैदान मातीचं पण सपाट, गर्दी बरी, ध्वनिक्षेपक असह्य. गोल झाला की मंडपातून बक्षीस पुकारतात. अमुक अमुक यांच्यातर्फे गोलमागे पाचशे एक, तमुक यांच्यातर्फे अकराशे. कुस्तीच्या फडातली चाल.

ऋ. बाकावर. पूर्ण वेळ. पुढच्या फळीत बाहेरच्या राज्यातून आणलेल्या दोघी, पंचवीस-सत्तावीस वर्षांच्या, तयार खेळाडू. त्यांचा राग नाही. छान खेळल्या. कोणीतरी घडवलंय त्यांनाही.

सामना संपल्यावर ऋ. आली. नवे बूट, गुलाबी. कोरे.
"दुखतंय का कुठं?"
"न्हाई बाई. काय दुखणार?"

२६ फेब्रुवारी
राज्याच्या निवड चाचणीचं पत्र आलं. अठरा वर्षांखालील. १५ मार्च, पुणे. ऋ.चं नाव आहे. दिवाळीत मीच अर्ज केला होता. ऋ.ला ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण होतील, म्हणजे हीच शेवटची संधी. निवड झाली तर राहणं, खाणं, शिक्षण, सगळं तिकडेच.
तळाशी ओळ: सध्या नोंदणी असलेल्या संघाचे संमतीपत्र सोबत आणावे.
सध्या म्हणजे दौंड.

१ मार्च, रविवार
पुन्हा बाकावर. त्यांच्या कोचला गाठलं. पुण्याहून पगारावर आणलेला मुलगा, पंचविशीचा. स्वभावानं चांगला. इकडेतिकडे बघून म्हणाला, "मॅडम, खरं सांगू? तिला खेळवायला घेतलेलंच नाही. शिरूरच्या पंपवाल्यांकडे ती गेली असती तर आम्हाला जड गेलं असतं. म्हणून घेतली."
"म्हणजे दुसऱ्याला मिळू नये म्हणून?"
"मोठमोठे क्लब पण असंच करतात, मॅडम."
मोठ्यांचं एवढं बरोबर उचललं. मोठ्यांच्या मैदानावर गवत असतं, ते नाही उचललं.

४ मार्च
शेठच्या ऑफिसात. तासभर बसवलं. चहा दोनदा. मग आत.
"बाई, पत्र द्यायला माझी ना न्हाई. पण ती सिलेक्ट झाली तर माझी खेळाडू गेली. माझे एक लाख साठ आणून ठेवा, लगेच पत्र टाइप करायला सांगतो."
म्हटलं, मुलगी एक मिनिट खेळलेली नाही.
"ट्रॅक्टर शेडमध्ये उभा असला म्हणून कोणी फुकट नेतं का?"
म्हटलं, ट्रॅक्टरचं वय उलटत नाही.
"उलटतं की, बाई. तुम्हाला ट्रॅक्टरमधलं कळत न्हाई." हसला. मग मॅनेजरला हाक. मॅनेजरनं फाईल उघडून एक झेरॉक्स माझ्यापुढे सरकवली. अक्षर माझं. "मंडळात नोंद झालेली खेळाडू मंडळाच्या लेखी संमतीशिवाय अन्य संघाकडून खेळणार नाही, तसेच कोणत्याही निवड चाचणीस बसणार नाही." अकरा वर्षांपूर्वीचा ठराव. पुण्याच्या एका संघानं माझ्या दोन मुली गोड बोलून नेल्या, हंगामभर वापरल्या आणि सोडून दिल्या, तेव्हा रागानं लिहिला होता. तालुक्यातल्या, शेजारच्या तालुक्यातल्या सगळ्या मंडळांनी उतरवून घेतला. मला केवढा अभिमान.

शेठ म्हणाले, "लई पक्का केलाय तुम्ही. आमच्या वकिलाला पण कौतुक वाटलं."

या ठरावावर बोट ठेवून मी स्वतः तीन मुली परत पाठवल्यात. एक तर गणवेश घालून, केस बांधून आली होती. पत्र नाही, तर खेळ नाही. माझेच शब्द. ती आता रांजणगावला कंपनीत पॅकिंगला आहे. दिसली की अजून वाकून नमस्कार करते.

८ मार्च, रविवार
महिला दिन. सकाळी इथे, दुपारी दौंडला अंतिम सामना. दौंडला गेले नाही.

मंडळाच्या हिश्श्याचं काय झालं ते आज कळलं. मैदानाच्या तोंडाशी कमान. सिमेंटची, वर पितळी अक्षरांत आप्पांच्या वडिलांचं नाव. कमानीला दार नाही, दोन्ही बाजूंना कुंपण नाही. बाजूनं शेळ्या आत येतात, त्यांना उद्घाटनाचं कळवलेलं नव्हतं.
"आप्पा, जाळी?"
"दुसऱ्या टप्प्यात, बाई. आधी दर्शनी भाग नको का?"

माझा सत्कार. शाल, नारळ, एक फ्रेम. शाल हातात घेऊन परत दिली. खाली बसले तर मागून कोणीतरी, "म्हातारी लई कडक हाय." आप्पांनी सावरून घेतलं, "बाईंना गरम होतंय."

कमानीशेजारी फ्लेक्स. ऋ., दौंडच्या जर्सीत, हात कमरेवर. "शिरूरच्या मातीतील हिरकणी." माणसाच्या दुप्पट उंच. खाली सतरा पुढाऱ्यांची तोंडं. मोजली, कारण माझ्या मुलीही सतरा होत्या.

११ मार्च, बुधवार
निमोण्याला गेले. शेवंतीची तोडणी चालू. दत्तू आणि त्याची बायको सरीत, बबन बांधावर. पैशाचं विचारलं नाही, तरी त्यानंच दाखवलं. नवं ठिबक. आणि बबनच्या दारात एक खोंड, पांढरं, शर्यतीचं. त्याला रोज अंडी.

ऋ.ची आई म्हणाली, "बाई, पोरगी रोज पहाटं गोठ्यामागं भिंतीवर बॉल मारती. एकटीच. त्या आवाजानं गाय पान्हा चोरती. हे वरडत्यात, पर ती थांबत न्हाई."

बबन बांधावरून, "दावणीला बांधलं तरी वैरण मिळतीया नव्हं? न खेळता पैसं. असं नशीब कुणाचं हाय?"

मी दत्तूला म्हटलं, तू शेठला एक शब्द टाक. बापाचं ऐकेल.
तो फुलं पाटीत टाकत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "मला हे काय कळत न्हाई, बाई. तुमची सही बघितली आन् मग मी अंगठ्याशेजारी नाव लिहिलं. तुम्ही केलीया म्हंजी बरोबरच आसंल."

परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले. त्यानं आवाज चढवला असता तर...

१३ मार्च
शेठना फोन, तीनदा. मॅनेजर म्हणतो, देवदर्शनाला गेलेत.
आप्पांना म्हटलं, कमान विका. हसले. मी हसले नाही, तेव्हा थांबले. "बाई, पुढच्या साली बसवा की पोरीला चाचणीला." पुढच्या साली ती अठराच्या वर. तेही सांगितलं. म्हणाले, "मग दुसरी पोरगी."

अध्यक्षांना पोरगी घडवायला सात वर्षं द्यावी लागत नाहीत, म्हणून त्यांना दुसरी पोरगी लगेच सुचते.

१४ मार्च, शनिवार
सकाळी मैदान. दुधाची गाडी थांबली आणि ऋ. उतरली. पाच आठवड्यांनी. कमानीतून आली नाही. बाजूनं, शेळ्यांच्या वाटेनं आली. माझ्यापासून दहा हातांवर उभी.
"बाई, उद्या येऊ का?"
"पत्र आहे?"
"न्हाई."
"मग?"
"तुम्ही सांगा." आणि मग हळूच, "आदी सांगायचा ना तसं सांगा."

मुली सराव सोडून बघायला लागल्या. ओरडले त्यांच्यावर. छोटीनं डाव्या बाजूनं पळत येऊन बॉल मारला, जाळीतून आरपार, मार्केट यार्डाच्या भिंतीवर. चला, फाडली एकदाची. कोणी हसलं नाही.

ऋ.ला म्हटलं, उद्या पहाटे पाच चाळीसची गाडी. चुलत्याला विचारत बसायचं नाही, आईला सांगून ये. मुक्कामाला आज माझ्याकडे. पाण्याची बाटली. जुने बूट आण, ते गुलाबी नको.
"जुने आणलेत," म्हणाली. पिशवीतच होते.

संध्याकाळी मंडळाचं लेटरहेड काढून बसले. शिक्का आहे, सही माझी आहे, तारीख मागची टाकता येते. "सदर खेळाडू आमच्या मंडळाची..." इथपर्यंत लिहिलं. फाडलं. दुसरं घेतलं नाही. एवढं तरी.

१५ मार्च, रविवार
गाडीत लिहिते आहे, अक्षर हलतंय. दोन अर्धी तिकिटं, स्वारगेट नको, वाघोलीच्या पुढे उतरू. कारेगावला पहिल्या पाळीच्या बायका स्टॉपवर उभ्या होत्या. सवयीनं त्यांच्यात त्या पॅकिंगवाल्या पोरीचं तोंड शोधलं. दिसली नाही. दिसली असती तर आज मीच...

ऋ. मांडीवर फॉर्म घेऊन. सुंदर अक्षर, तेही माझ्याच मारानं. नाव झालं. जन्मतारीख झाली. जागा: डावी बाजू. मग पेन थांबलं.
"बाई, सध्याचा संघ. इथं काय लिहू?"
दौंड लिहिलं तर टेबलावरच पत्र मागतील. शिरूर लिहिलं तर खोटं, आणि खाली "प्रशिक्षकाची सही" अशी रेघ आहे. त्या टेबलामागे माझ्यासारखीच कोणीतरी बाई असणार. कडक. पत्र नाही, तर खेळ नाही.

म्हटलं, तो रकाना सोड. बाकीचं भर. उंची, वजन, रक्तगट.
"कोरा चालतो का?"
"नाही चालत."
तिनं माझ्याकडे बघितलं. सात वर्षांत मी कधी असं उत्तर दिलं नव्हतं. मग उंची लिहायला लागली.

शिक्रापूर गेलं. तिनं भरलेला फॉर्म माझ्याकडे दिला, पेन पण दिलं, आणि वाकून जुन्या बुटांच्या नाड्या बांधायला लागली. अजून तासभर आहे. रकाना दीड इंचाचा. संघाच्या जागी माझं पूर्ण नाव बसेल एवढाच.