मुख्य नाव, पर्यायी नाव

३ जानेवारी

झालं! चढलं एकदाचं! वाचनालयाच्या त्या कुरकुऱ्या कॉम्प्युटरवर पुस्तकं शोधायचं नवं सॉफ्टवेअर सुरू झालं आणि पहिला शब्द मी टाकला — ज्वारी. पर्यायी शब्द जोंधळा, कानडीतला जोळा. पोटातला शब्द, म्हणजे ज्वारीतलाच एक प्रकार, शाळू. मग मुद्दाम 'जोंधळा' टाकून शोधलं. ज्वारीवरची सगळी पुस्तकं समोर हजर! इतकी वर्षं जोंधळा म्हणणारा वाचक आमच्याकडून हात हलवत परत जायचा. आता जाऊन दाखव म्हणावं!

नारायणराव, आमचे कार्यवाह, मागे येऊन उभे. "कुठल्या कंपनीचं हे?"

म्हटलं, कुठल्याच नाही. जगभरच्या लोकांनी मिळून केलंय. आतला कोड कुणीही उघडावा, दुरुस्त करावा, वापरावा. फुकट.

"फुकट म्हणजे काहीतरी गोम असणार, मॅडम."

असू दे गोम! ह्याचं मराठी मी केलंय. 'वरचा शब्द', 'पोटातला शब्द', 'शेजारचा शब्द' — तिन्ही माझे. त्या लोकांनी जसेच्या तसे घेतले, आणि मदत करणाऱ्यांत नाव लावलं: पूनम, सोलापूर. आज तीनदा उघडून बघितलं. चारदा. कुणाला सांगणार, इथे लिहिते.

घरी आल्यावर चन्नवीरला दाखवलं. "भारीच की!" म्हणाला. नवरा म्हणून म्हणाला असेल, पण म्हणाला. सासूबाईंनी — घरात सगळे त्यांना अव्वा म्हणतात — चष्मा वर करून नाव नीट वाचलं. मग म्हणाल्या, "श्रावणी, कुकर बघ."

श्रावणी म्हणजे मीच. लग्नात ताटातल्या तांदळावर चन्नवीरनं अंगठीनं ते नाव लिहिलं. निवडलं अव्वांनी. मला तिथंच कळलं, सगळ्यांबरोबर! तेव्हापासून बाहेर पूनम, उंबऱ्याच्या आत श्रावणी. सवय झाली. पण खोटं कशाला लिहू — श्रावणीला ओ देताना अजूनही जरा अडखळते.

७ जानेवारी

शब्द मार्गी लागले, आता माणसं. लेखकांची नावं घ्यायला लागले आणि डोकंच फिरलं. पुरुष एकेका जागी निवांत बसलेत. बायकांचं काय? लग्नाआधीची पुस्तकं एका नावावर, नंतरची दुसऱ्याच. बाई एक, कपाटं दोन! निम्मं लेखन वाचकाला सापडतच नाही.

सॉफ्टवेअरला मात्र एकच मुख्य नाव लागतं. बाकीची पर्यायी. मुख्य कुठलं? माहेरचंच. कुणाला विचारायची गरजच नाही.

१४ जानेवारी

सगळं सोलापूर गड्ड्यावर, सिद्धेश्वराच्या जत्रेत. वाचनालयात चिटपाखरू नाही. एकटीनं बसून एकूण एक लेखिका माहेरच्या नावावर नेऊन बसवली आणि यादी वाचकांसाठी उघडली. ऊर असा भरून आलाय ना!

१७ जानेवारी

नारायणराव भडकले. "हे काय चालवलंय? आधार कार्डावर असेल ते मुख्य. सरळ हिशेब!"

मी म्हटलं, पुस्तक काय आधार कार्डानं लिहिलं का?

बोलून गेले. जिभेला हाड नाही माझ्या. आता अठ्ठावीस तारखेच्या बैठकीत निकाल. माझं पटलं नाही तर सगळंच बंद, पुन्हा जुन्या कार्डांचे खण. म्हणजे जोंधळा पण गेला! नाही. एक इंचही मागे सरणार नाही.

१९ जानेवारी

सरले. चांगली हातभर सरले.

दुपारी बार्शीहून फोन. रुक्मिणीबाई, मुलांसाठी गोष्टी लिहितात. पुतण्यानं मोबाइलवर आमची यादी दाखवली म्हणे.

"माझी गोजाबाई कुणी केली?"

म्हटलं बाई, तुमचं मूळचं नाव ते. शाळेत असताना पहिली गोष्ट त्याच नावानं छापून आली होती.

"आसंल मूळचं! गोजा-गोजा करून पोरांनी रडवून काढलं हुतं मला. लग्नात नाव बदलायचं निघालं तवा रुक्मिणी म्याच सांगितलं की! आवं, नवरा बी म्या निवडला न्हवता, नाव तेवढं निवडलेलं. ते बी तुमी खोडलं? इचारायचं तरी हुतं!"

आधी राग आला. एवढं केलं हिच्यासाठी, आणि ही बघा! मग चहा पिता पिता लक्षात आलं. न विचारता नाव बदललं. मी! दुसऱ्यांनी केलं की कसं टोचतं ते ठाऊक असलेली मी!

संध्याकाळच्या आत त्यांची रुक्मिणी त्यांना परत दिली.

२२ जानेवारी

नवा नियम. हयात असेल तिला फोन करायचा, ती सांगेल ते मुख्य. हयात नसेल तर तिनं पुस्तकावर घातलेलं. सगळ्यांना फोन लावतेय. एकजण म्हणाली, "अय्या, असं कुणी विचारतं का?" आणि हसतच सुटली. दुसरी म्हणाली, उद्या सांगते.

घसा बसलाय. पण हा नियम पहिल्यापेक्षा चांगला आहे, आणि हाही माझाच!

२४ जानेवारी

आज घडलं तसं सगळं लिहून ठेवते.

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसले होते. अव्वा शेजारी शेंगा फोडत होत्या. एकच नाव उरलं होतं — चंद्रव्वा, अक्कलकोट. 'कसुतीचे नमुने', पातळसं पुस्तक, भरतकामाचं. पत्ता नाही, फोन नाही, कुणाला माहीत नाही.

अव्वा म्हणाल्या, "हिला विचारायचं राहिलं काय?"

"सापडतच नाही हो."

"समोर बसलीय की."

अव्वांचं नाव तर गिरिजा! 'सोपे टाके' हे गिरिजाबाईंचं पुस्तक आमच्या शोकेसमध्ये आहे, ते मला पाठ आहे! त्यांचं दुसरं नाव असेल असं वाटलंच नाही, म्हणून विचारलंही नव्हतं. पण चंद्रव्वा? ते नाव ह्या घरात कधी कुणी काढलंच नाही.

"लग्नाआधीचं ते. हितं आल्यावर सासूबाईंनी गिरिजा केलं. मग ते पुस्तक कुणाला दाखवू? ह्यावर तुझं नावच न्हाई म्हणायचे लोक."

मी लगेच हुशारी केली. म्हटलं, अव्वा, भाषेगणिक वेगळं मुख्य नाव चालतं ह्यात. कानडीत चंद्रव्वा, मराठीत गिरिजा?

"भाषेगणिक मी काय वेगळी बाई हाय?"

त्यांनी शेंगांची टरफलं एकीकडे सारली. मग म्हणाल्या, "चंद्रव्वा मुख्य कर. गिरिजा पर्यायी. पण काढू नको हं तिला. संसार तिनंच केलाय."

केलं. त्यांनी स्वतः 'गिरिजा' टाकून शोधलं, एका बोटानं. दोन्ही पुस्तकं एकाखाली एक आली. पदरानं चष्मा पुसला, परत बघितलं. मला इतका आनंद कधी झाला नव्हता. पहिला शब्द चढला तेव्हासुद्धा नाही.

उठताना म्हणाल्या, "मला तवा कुणी विचारलं न्हाई." चार पावलं गेल्या आणि दारातच थांबल्या. "मी बी कुणाला विचारलं न्हाई."

आणि आत गेल्या.

२८ जानेवारी

जिंकले!!

नारायणरावांनी आधार कार्डाचं पुन्हा काढलं. मी वाद घातला नाही. (मी! वाद घातला नाही!) रुक्मिणीबाईंचा फोन जसाच्या तसा सांगितला, 'नवरा बी'सकट. कमिटी खो-खो हसली. मग 'गिरिजा' टाकून दाखवलं, 'चंद्रव्वा' टाकून दाखवलं. दोन्ही वाटांनी एकाच बाईपाशी पोचलो. कोण ते सांगितलं नाही.

ठराव झाला — जिचं नाव तिला विचारून. यादी कायम, जोंधळाही कायम.

निघताना नारायणराव हळूच म्हणाले, "गोम अजून सापडली नाही मला." शोधा म्हटलं, सगळं उघडंच आहे.

घरी सांगितलं. चन्नवीरनं पेढे आणले. अव्वांनी एक पेढा माझ्या हातावर ठेवला.

२९ जानेवारी

सकाळी वेणी घालत होते. आतून अव्वांची हाक आली, "पूनम, चहा गाळलाय, ये!"

ओ आधी गेली. कुठलं नाव होतं ते नंतर कळलं.