आत्यांच्या दवाखान्यात नाही

काल तुझ्या आत्यांनी तपासताना "आधी काही आजार?" असं विचारलं, तेव्हा तू टेबलाखाली माझा गुडघा दाबलास आणि "ठणठणीत आहे ती" म्हणालास. मला डिप्रेशन होतं आणि बाळंतपणात ते पुन्हा उचल खाऊ शकतं, हे तुला पक्कं माहीत आहे. आत्यांना कळलं की घरभर होईल, ही तुझी काळजी. माझी कोणी करायची?

मी मोठ्या हॉस्पिटलात निघाले आहे. तिथे बाळंतपणाच्या आणि मनाच्या डॉक्टर मिळून बघतात. जेवण झाकून ठेवलंय.

मघाशी आईंचा फोन आला, "आज वन्संकडे नाव नोंदवायला जायचंय ना गं?" इतके दिवस गिळलेलं बोलून टाकलं, "नाही आई. मला डिप्रेशन होतं. बाळंतपण मी दुसरीकडे करणार आहे."