टेकडी की तळे: एक निष्पक्ष निर्णय

सोमवार, ३ मार्च

घरमालकाने अखेर इमारत पाडण्याचा निश्चय केला आहे. महिनाअखेरपर्यंत घरे रिकामी करावीत, अशी सूचना जिन्याखाली चिकटवली आहे. भाषा अत्यंत सदोष. एका वाक्यात दोन कर्ते, आणि क्रियापदाचा पत्ता नाही. मी ती लाल शाईने दुरुस्त करून पुन्हा चिकटवली. सौ. म्हणाली, दुरुस्त केली तरी घर सोडावे लागणारच ना. हिला मुळावर घाव घालण्याची वाईट खोड आहे.

शहरात दुसरे घर मिळणे आता आपल्या आवाक्याबाहेर. शहराबाहेर दोन उपनगरे आहेत, एकमेकांना खेटून, मध्ये केवळ एक रस्ता. एक टेकडीवर, दुसरे तळ्याकाठी. तळ्याकाठी माझे ज्येष्ठ साडू राहतात. वस्तुतः विषय येथेच संपावयास हवा. परंतु सौ.चे म्हणणे, म्हणूनच तळ्याकाठी जायचे. ताई हाकेच्या अंतरावर येईल. ताई येईल, मान्य. पण ताईसोबत ताईचा नवराही येतो, त्याचे काय?

संकल्प: निर्णय सर्वथा निष्पक्षपणे घेणे. टेकडीच.

बुधवार, ५ मार्च

कार्यालयात मी परिपत्रके लिहितो. अशा माणसाने घर निवडताना लोकांसारखे भावनेच्या आहारी जाऊ नये. सबब दोन्ही उपनगरांचे तौलनिक टिपण लिहावयास घेतले. टेकडी: शुद्ध वायू, विस्तीर्ण देखावा, सुसंस्कृत शेजार. तळे: डास, दमटपणा, साडू.

मुलीने वाचले. कॉलेजात गेल्यापासून तिला मते फुटली आहेत. म्हणाली, बाबा, तुम्ही टेकडी अजून पाहिली कुठे आहे? पूर्वग्रह नको म्हणून पाहिलेली नाही, हे तिला कळावयाचे नाही.

रविवार, ९ मार्च

पहाटे पाचला निघून दोन्ही उपनगरांची पाहणी करण्याचे ठरवले होते. निघालो अकराला. पहाटेची शांतता कोठेही सारखीच असते, त्यामुळे नुकसान काही झाले नाही.

टेकडीचा चढ किंचित तीव्र आहे. दोनदा थांबलो, ते निसर्गावलोकनासाठी.

परतताना सौ.ने हट्टाने साडूंकडे नेले. यांचा नळ आणि फरश्यांचा व्यापार. घरभर संगमरवर, न्हाणीघरात नळ इतके की कोणता उघडला असता कोठून पाणी येईल, याचा नेम नाही. दारावर पितळी पाटी, भिंतीतल्या दगडात स्क्रूने घट्ट बसवलेली. माझ्या कार्यालयाच्या दारावरची पाटीही याहून लहान आहे.

साडूंशी अनावश्यक बोलावयाचे नाही, असा संकल्प करून गेलो होतो. तथापि त्यांनी विचारल्यावर टेकडीचे नाव निघाले. चहाचा कप खाली ठेवत ते सगळ्यांदेखत म्हणाले, "छान छान. साडूबुवा, नोकरीत चढायचं राहिलंच तुमचं. निदान घरी जाताना तरी चढाल."

मेहुणी हसली. सौ. हसली नाही, पण तिने पदर तोंडाला लावला. मुलगी उघड हसली.

सोमवार, १० मार्च

कालच्या उद्गाराला द्यावयाचे समर्पक उत्तर आज दुपारी कार्यालयात सुचले. फोन करून सांगावे काय, असे सौ.ला विचारले. म्हणाली, आता राहू द्या.

उत्तर येथे नोंदवून ठेवणार होतो. लिहिताना तितकेसे धारदार वाटले नाही.

शुक्रवार, १४ मार्च

टेकडीवर सर्वगुणसंपन्न फ्लॅट सापडला. दुसरा मजला, सौम्य ऊन, समोर झाडे. न्हाणीघरातला एक नळ मात्र अहोरात्र टिपटिपतो. मालकीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी मला उभे ठेवूनच प्रश्न विचारले, आणि मीही नकळत हात मागे बांधून उत्तरे दिली. शेवटी म्हणाल्या, भाडेकरू म्हणून सज्जन दिसताय, चार दिवसांत काय ते कळवा; बाकीचे लोकही येऊन जात आहेत.

सौ.लाही घर आवडले. ताईपासून थोडे लांब पडेल, पण रस्ता ओलांडला की झाले, असे स्वतःच म्हणाली. वर म्हणाली, आत्ताच हो म्हणून टाका. हिला वाटाघाटींचे शास्त्र अवगत नाही. आपली उत्कंठा समोरच्यास दिसली की भाडे वाढते. आपण मौन धरले की तोच अस्वस्थ होतो. मौन हे ब्रह्मास्त्र आहे.

संकल्प: आठ दिवस मौन.

रविवार, १६ मार्च

सर्वार्थाने संस्मरणीय दिवस. साडू सहकुटुंब जेवावयास आले होते. पानावर बसताच त्यांनी चढाचा तोच विनोद पुन्हा केला. मी शांतपणे उठलो, टिपण आणले आणि आद्यंत वाचून दाखवले. तळ्याच्या दमटपणाने संधिवात कसा बळावतो, डासांमुळे निद्रानाश आणि निद्रानाशामुळे हृदयविकार कसा जडतो, भिंतींना ओल धरली की संगमरवराचा रंग कसा पिवळा पडतो. मग टेकडी. सूर लागला होता. शब्द आपोआप येत होते.

साडू अक्षरशः निष्प्रभ झाले. घास हातातच राहिला. मेहुणी हळूच म्हणाली, खरंच हो, यांचे गुडघे रात्रभर दुखतात.

पराभूत माणूस प्रश्न विचारतो. त्यांनी विचारले, इमारत नेमकी कोणती? मजला कितवा? मालकीण घरी केव्हा भेटते? पाण्याला जोर कसा आहे? मी एकेक उत्तर असे दिले की प्रत्येक उत्तरागणिक त्यांचा चेहरा उतरत गेला. नळाच्या टिपटिपीचाही उल्लेख केला. विजेत्याला औदार्य शोभते.

सौ. मला टेबलाखालून पाय मारत होती. बहुधा अभिनंदनार्थ.

मंगळवार, १८ मार्च

साडूंचा फोन. त्या फ्लॅटची गॅलरी पूर्वेला आहे की पश्चिमेला? पूर्वेला, असे मी सावकाश, प्रत्येक अक्षर तोलून सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता. मत्सराग्नीने माणूस आतून कसा जळतो, हे फोनवरसुद्धा ऐकू येते.

मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही त्यांना चिडवताय की घर विकताय? तिला वडिलांचे राजकारण अजून समजत नाही. चार दिवस उलटले, फोन करा, म्हणून सौ. पुन्हा मागे लागली. ब्रह्मास्त्र एकदा सोडल्यावर मध्येच परत बोलावता येत नाही, असे सांगितले.

शनिवार, २२ मार्च

मौनाची मुदत पूर्ण. इस्त्रीचा सदरा घालून होकार देण्यासाठी टेकडी चढलो. मालकीणबाईंनी दार अर्धेच उघडले. म्हणाल्या, तुम्ही फिरकलाच नाहीत, मला वाटले पसंत नाही. परवाच एका गृहस्थांना दिले. फार कर्ते गृहस्थ. आल्या आल्या खिशातून पाना काढला आणि गळका नळ तिथल्या तिथे दुरुस्त केला. गॅलरी पूर्वेला आहे, हेही त्यांना आधीच माहीत होते.

एवढ्या मोठ्या शहरात नळाचा धंदा करणारी माणसे शेकड्यांनी असणार. मी कोणावरही संशय घेत नाही.

सोमवार, २४ मार्च

साडूच.

मेहुणीने सौ.ला कळवले. गुडघ्यांसाठी हवापालट, आधी भाड्याने राहून पाहायचे, मानवले तर विकत घ्यायचे. माल वापरल्याशिवाय घेत नाही, असे साडूंचे व्यापारी तत्त्व. माझे आभार मानले आहेत. टिपणाची एक प्रतही हवी आहे.

मी विश्वासघात, नीचपणा आणि कौटुंबिक मूल्यांचा ऱ्हास या विषयांवर बोलू लागलो. सौ.ने गॅस बंद केला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "माझं ऐकलं असतं तर ताईशेजारी असतो. गप्प बसला असता तर टेकडीवर असतो. तुम्ही दोन्ही घालवलंत."

पुढे बोलली नाही. अजून बोललेली नाही. मौनाचे हे अस्त्र तिला मीच शिकवले असावे.

शुक्रवार, २८ मार्च

आठवडाभर वणवण. टेकडीवर जागा नाही. तळ्याकाठी नाही. समोरच्या बिऱ्हाडांनी सामान हलवले. घरमालकाने पाणी तोडण्याची धमकी दिली. यावेळची सूचना मी दुरुस्त केली नाही.

संध्याकाळी साडू आले. स्वतःच्या घरासारखे आत आले, पंखा लावला, बसले. तळ्याकाठचे त्यांचे घर आता रिकामेच राहणार. आपल्याच माणसांना भाड्याने दिलेले बरे, म्हणाले. मी तत्क्षणी, निक्षून नकार दिला. माझा मान, माझी तत्त्वे, माझे टिपण.

सौ.ने चार दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडले. साडूंना म्हणाली, भाऊजी, किल्ली कधी देता?

नंतर शांतपणे विचार केला. आमचे भाडे साडूंना जाणार, तेच ते टेकडीच्या बाईंना देणार. म्हणजे टेकडीच्या फ्लॅटचे भाडे तत्त्वतः मीच भरणार. निवड अखेर माझीच ठरली, हे इतिहासाने नमूद करावे.

सोमवार, ३१ मार्च

तळ्याकाठी प्रवेश. डासांनी स्वागत केले. त्यांच्याविषयी मी लिहिले होते ते कमीच होते.

साडू घर दाखवावयास आले होते. जणू मी हे घर कधी पाहिलेच नाही. खिळा ठोकायचा नाही. संगमरवर ओल्या फडक्याने पुसायचा नाही. दर रविवारी ते नळ तपासायला येतील. दारावरची पाटी काढायची नाही, दगड तडकेल; शिवाय मानवले नाही तर त्यांना परत यायचेच आहे. मेहुणी गाडीतूनच सौ.कडे पाहून हात हलवत होती. सौ.ने हात हलवला आणि बराच वेळ हलवत राहिली. मग आत जाऊन तिने स्वयंपाकघराचे दार लावून घेतले.

माझ्या नावाची पाटी आणली होती. लावावयास जागा नाही. मुलीने ती बुटांच्या कपाटावर ठेवली आहे.

दुपारी कुरिअरवाला आला. दारावरची पाटी वाचून त्याने साडूंच्या नावाने मोठ्याने हाक मारली. घरात दुसरे कोणी उठेना.

मी ओ दिली.